अलाबामा यादीत तळाला आहे म्हणून ऑफर नाकारायची का? राज्यांची रँकिंग नेमकं काय मोजतात त्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको, दोन मुलं, सध्या न्यू जर्सीत. नवऱ्याला दोन ऑफर आल्यात, एक अलाबामात हंट्सव्हिलला आणि एक मिनेसोटात मिनिॲपोलिसजवळ, पगार जवळपास सारखा. क्वालिटी ऑफ लाइफची यादी उघडली की मिनेसोटा वर आणि अलाबामा चाळिशीच्या पुढं. त्यात पुण्याहून सासूबाईंचा फोन, की तिकडं कशाला जाताय, तिथं काळ्या-गोऱ्यांची भांडणं असतात म्हणे. तर या रँकिंगमधे गरिबी किती, वर्णद्वेष किती आणि नुसती बदनामी किती, असं विचारलंय.

मी अमेरिकेतल्या आरोग्याच्या आणि गरिबीच्या आकडेवारीवरच काम करतो, असे इंडेक्स तयार होताना आतून बघितलेत, म्हणून जरा लांबण लावतो. एका ओळीत हवं असेल तर: राज्याचा नंबर हा बहुतेक वेळा "तिथं कोण राहतं आणि त्यांच्याशी पूर्वी कसं वागले" याचा नंबर असतो, तुमचं तिथं कसं होईल याचा नसतो. पण म्हणून तो खोटा आहे असंही नाही, आणि हीच गोम नीट समजून घ्यायला हवी.

आधी इंडेक्स बनतो कसा ते बघा. वीस, तीस, कधी सत्तर आकडे घेतात, प्रत्येक आकड्यात राज्य देशाच्या सरासरीपासून किती लांब आहे ते काढतात, त्याला वजन देतात आणि बेरीज करतात. ऐकायला शास्त्रीय वाटतं. आता त्या आकड्यांची नावं वाचा: बालमृत्यू, कमी वजनाची बाळं, लठ्ठपणा, डायबेटिस, धूम्रपान, विमा नसलेले लोक, गरिबीत वाढणारी मुलं, शाळा पूर्ण न करणारी मुलं, दातांच्या डॉक्टरकडं न गेलेले लोक. हे सगळे वेगवेगळे आकडे दिसतात पण यातला प्रत्येक आकडा गरिबीबरोबर हलतो, म्हणजे एकच गोष्ट तुम्ही आठ-नऊ वेळा मोजली आणि तिला आठ-नऊ नावं दिली. मिसिसिपीत २०२३ च्या सेन्सस सर्व्हेप्रमाणं निम्म्या घरांचं वर्षाचं उत्पन्न ५४ हजार डॉलरच्या खाली होतं, मॅसॅच्युसेट्समधे हाच आकडा १ लाखाला टेकलाय. एवढं एक वाक्य कळलं की यादीतली पहिली पाच आणि शेवटची पाच नावं बरीचशी तुम्हीच ओळखाल, बाकीच्या साठ-सत्तर आकड्यांनी मधल्या राज्यांची थोडी इकडं-तिकडं होते इतकंच.

ही यादी जुनी आहे हेही लक्षात घ्या. १९३१ साली मेन्केन आणि अँगॉफ या दोघांनी अमेरिकन मर्क्युरी मासिकात सगळ्यात वाईट राज्य कोणतं याचा हिशेब मांडला होता, संपत्ती, साक्षरता, आरोग्य, लिंचिंग वगैरे आकडे घेऊन. पहिला नंबर मॅसॅच्युसेट्स, शेवटचा मिसिसिपी. नव्वद वर्षांत चंद्रावर जाऊन आले (ते रॉकेट या हंट्सव्हिललाच डिझाइन झालं बरं का) पण यादीची दोन टोकं जवळजवळ तिथंच आहेत.

गरिबी मोजण्यातही एक मेख आहे. अधिकृत दारिद्र्यरेषा साऱ्या देशात एकच, तीत भाडं-महागाईचा फरक धरतच नाहीत. सेन्सस ब्युरो २०११ पासून दुसरंही एक माप काढतं, त्यात घराचा खर्च, टॅक्स आणि सरकारी मदत धरतात, आणि त्या मापानं बघितलं की कॅलिफोर्निया देशातल्या सगळ्यात गरीब राज्यांच्या रांगेत पहिल्या-दुसऱ्या नंबरला जाऊन बसतं! मिसिसिपीचा आकडा उलट खाली येतो, कारण तिथं राहणंच स्वस्त आहे, देशाची सरासरी १०० धरली तर मिसिसिपी ८७-८८ आणि कॅलिफोर्निया ११० च्या वर. म्हणजे "गरीब राज्य कोणतं" याचं उत्तर सुद्धा कोणती पट्टी लावली त्यावर. शिवाय तुरुंगातले लोक गरिबीच्या आकड्यात धरतच नाहीत, आणि तुरुंगात माणसं भरण्यात लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा कायम वरच्या रांगेत, तेव्हा तिथली खरी गरिबी दिसते त्यापेक्षाही थोडी जास्तच समजा.

आता वर्णद्वेष. इथं लोक दोन टोकाच्या चुका करतात. एक म्हणजे "दक्षिणेत ब्लॅक लोक जास्त म्हणून आकडे वाईट", जणू काही तो हवामानाचा भाग आहे. दुसरी म्हणजे "रेसिझम जुना झाला, आता फक्त गरिबी आहे". गरिबी आली कुठून ते बघा ना. १९३५ ला सोशल सिक्युरिटी आली तेव्हा शेतमजूर आणि घरकाम करणारे त्यातून वगळले, दक्षिणेतले बहुसंख्य ब्लॅक लोक नेमके हेच काम करत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर परत आलेल्या सैनिकांना सरकारी हमीवर घर, शेती, धंद्यासाठी कर्ज मिळायचं, अमेरिकेतला आजचा मध्यमवर्ग बराचसा त्यातून उभा राहिला. १९४७ साली मिसिसिपीतल्या १३ शहरांच्या एका पाहणीत अशी ३,२२९ कर्जं दिलेली आढळली. त्यातली ब्लॅक सैनिकांना किती? दोन. दोनशे नाही, दोन. ज्या घराची किंमत वाढत जाऊन नातवाची कॉलेजची फी निघते ते घरच घेऊ दिलं नाही, आणि आज आपण "कॉलेज पदवीधरांचं प्रमाण" हा आकडा घेऊन राज्याला मार्क देतो.

अलाबामाचं तर लेखीच आहे. तिथली १९०१ ची राज्यघटना ज्या सभेनं लिहिली तिच्या अध्यक्षानं उघड सांगितलं होतं की उद्देश गोऱ्यांची सत्ता कायद्यानं पक्की करायचा आहे. त्यातली वर्णद्वेषी भाषा काढून साफ केलेली प्रत मतदारांनी मंजूर केली २०२२ ला, त्याआधी २००४ आणि २०१२ ला तसली भाषा काढायचे प्रस्ताव दोनदा नाकारले होते. पण भाषेपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती पैशाची बाजू. त्या घटनेत आणि नंतरच्या दुरुस्त्यांत प्रॉपर्टी टॅक्सवर अशी बंधनं घालून ठेवलीत की जमीनदाराला फार कर द्यावा लागू नये. त्यामुळं अलाबामात माणशी प्रॉपर्टी टॅक्स देशात सगळ्यात कमी, आणि खड्डा भरायचा सेल्स टॅक्समधून, अगदी किराण्यावर सुद्धा. राज्याचा किराण्यावरचा कर अगदी अलीकडंपर्यंत ४ टक्के होता, २०२३ ला ३ झाला, २०२५ ला २, आणि शहराचा आणि काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) कर त्यावर वेगळा. म्हणजे दूध-भाजी घेणाऱ्या गरिबाकडून पैसे काढून शाळा चालवायच्या, आणि मग शाळांचा नंबर खाली आला की म्हणायचं लोकच मागासलेले.

आणि यात नुकसान फक्त ब्लॅक लोकांचं झालं असंही नाही. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात कोर्टानं सार्वजनिक सोयी सगळ्यांना खुल्या करायला लावल्यावर नगरपालिकेनं काय केलं, तर सार्वजनिक पोहण्याचे तलावच बंद करून टाकले. गोऱ्यांनाही नको, काळ्यांनाही नको. सुप्रीम कोर्टानं १९७१ ला ५ विरुद्ध ४ मतांनी हे चालतं म्हणून सांगितलं. याच जॅक्सनमधून शाळा एकत्र झाल्यावर गोरी कुटुंबं उपनगरात निघून गेली, मागोमाग कर भरण्याची ताकद गेली, पाईप तेच जुने राहिले. ऑगस्ट २०२२ मधे पाण्याचा मुख्य प्लांट बसला आणि दीड लाखाच्या शहरात नळाला पाणी नाही. इंडेक्समधे हे "पायाभूत सुविधा" या रकान्यात जातं, तिथं कुठं वर्णद्वेष असा शब्द येत नाही.

अलाबामातली लाउंड्स काउंटी अजून वाईट उदाहरण. तिथं चिकणमाती अशी की पाणी मुरत नाही, साधे सेप्टिक टँक चालत नाहीत, महागडे लागतात, ते परवडत नाहीत म्हणून घरामागं उघड्यावर सांडपाणी. २०१७ साली तिथल्या ५५ लोकांच्या छोट्या अभ्यासात तिघांतल्या एकाहून जास्त लोकांत हूकवर्मच्या, म्हणजे घाणीतून होणाऱ्या आतड्यातल्या जंतांच्या, खुणा मिळाल्या, अमेरिकेत! बहुसंख्य वस्ती ब्लॅक. २०२३ मधे केंद्र सरकारनं राज्याच्या आरोग्य खात्याशी यावर करार केला, २०२५ मधे ट्रम्प सरकारनं तो "डीईआय" (विविधता-समतेच्या नावाखालचे कार्यक्रम) म्हणून रद्द केला.

मेडिकेडचंही, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचंही, तसंच. ओबामाकेअर या आरोग्य विम्याच्या कायद्याखाली २०१४ पासून कमी उत्पन्नवाल्यांना विमा द्यायला बहुतांश पैसा केंद्र देत होतं, तरी दहा राज्यांनी पूर्ण विस्तार अजून घेतलेला नाही, त्यात अलाबामा, मिसिसिपी, टेक्सास, जॉर्जिया, फ्लोरिडा सगळे आले. विमा नाही म्हणून पैसे न देणारे पेशंट, म्हणून खेड्यातली हॉस्पिटलं तोट्यात, म्हणून प्रसूतीचे वॉर्ड बंद. मिसिसिपीत २०२४ साली हजार जन्मांमागं ९.७ बालमृत्यू झाले आणि २०२५ मधे राज्याला आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. ब्लॅक बाळांचा दर गोऱ्या बाळांच्या दुपटीहून जास्त. हा आकडा कुणी बदनामी म्हणून काढलेला नाही, मुलं खरंच मेलीत.

मग मिनेसोटा चांगलं? इथं थांबा.

समजा दोन राज्यं आहेत. पहिल्यात ९० टक्के गोरे, त्यांचा स्कोअर ८०, आणि १० टक्के ब्लॅक, त्यांचा ४०. सरासरी ७६. दुसऱ्यात ६० टक्के गोरे, स्कोअर ८२, आणि ४० टक्के ब्लॅक, स्कोअर ५५. सरासरी ७१. दुसरं राज्य गोऱ्यांनाही जास्त चांगलं आणि ब्लॅक लोकांनाही जास्त चांगलं, तरी यादीत पहिलंच वर. हे कागदावरचं कोडं नाही, माझ्या कामात रोज दिसतं. व्हर्मॉन्ट, न्यू हॅम्पशर, मेन ही कायम वर असणारी राज्यं ९० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त गोरी आहेत. तिथं वर्णद्वेष कमी आहे का जास्त हे राज्याच्या सरासरीवरून कळूच शकत नाही, कारण ज्यांना तो सोसावा लागेल असे लोकच मोजण्याइतके नाहीत. आणि ते का नाहीत हाही प्रश्न आहेच. ओरेगॉननं १८५७ च्या राज्यघटनेतच ब्लॅक माणसानं इथं येऊन राहायचं नाही असं लिहिलं होतं, ते कलम १९२६ ला रद्द झालं आणि घटनेतली उरलेली तसली भाषा निघाली थेट २००२ ला. आज पोर्टलंड हे देशातल्या सर्वात गोऱ्या मोठ्या शहरांपैकी एक आहे आणि राहायला छान शहर म्हणून नावाजलेलं आहे.

मिनेसोटाबद्दल तर अर्थतज्ज्ञ सॅम्युअल मायर्स यांनी "मिनेसोटा पॅराडॉक्स" हा शब्दच रूढ केला. सरासरीनं देशातल्या उत्तम राज्यांत, आणि ब्लॅक-गोऱ्यांमधली दरी देशातल्या सर्वात मोठ्या दऱ्यांपैकी एक. गोऱ्या कुटुंबांपैकी तीन चतुर्थांशांचं स्वतःचं घर, ब्लॅक कुटुंबांपैकी जेमतेम एक चतुर्थांशाच्या वर. सेंट पॉलमधली रॉन्डो नावाची ब्लॅक मध्यमवर्गीयांची वस्ती १९५०-६० च्या दशकांत हायवेसाठी मधोमध कापली. मिनिॲपोलिसच्या जुन्या खरेदीखतांमधे "ही जागा गोऱ्यांशिवाय कुणाला विकू नये" असल्या अटी हजारोंनी सापडल्यात, तिथल्या युनिव्हर्सिटीनं त्यांचा नकाशाच केलाय. मे २०२० मधे जॉर्ज फ्लॉइड ज्या शहरात मारला गेला ते जॅक्सन नव्हतं, अलाबामातलं बर्मिंगहॅम नव्हतं. आणि शेजारचं विस्कॉन्सिन बघा, २०१४ च्या एका नावाजलेल्या अहवालात ब्लॅक मुलांसाठी देशात शेवटचं राज्य ठरलं. मिसिसिपी नाही, विस्कॉन्सिन.

शाळांचं एक उदाहरण देतो कारण तुमची मुलं आहेत. मिसिसिपीनं २०१३ मधे कायदा केला, तिसरीपर्यंत वाचता आलं पाहिजे नाहीतर पुढच्या वर्गात नाही, सोबत शिक्षकांना ट्रेनिंग आणि शाळांत वाचन शिकवणारे कोच. त्या वर्षी चौथीच्या वाचनात राज्य तळाला होतं. २०२४ च्या राष्ट्रीय चाचणीत ते देशाच्या सरासरीच्या वर गेलं, पहिल्या दहांत. आणि मुलांच्या घरची परिस्थिती, वंश वगैरे लक्षात घेऊन आकडे जुळवले, म्हणजे सारख्याची सारख्याशी तुलना केली, तर थेट पहिलं. तिसरीत मुलांना मागं ठेवल्यामुळं चौथीचे आकडे फुगतात असा आक्षेप आहे, त्यात थोडं तथ्य असेलही, पण इतक्या मोठ्या सुधारणेचं ते पूर्ण उत्तर नाही. तरी लोकांच्या डोक्यातलं मिसिसिपी अजून तेच.

आता तिसरी गोष्ट, नाव, म्हणजे तुम्ही विचारलेली बदनामी. दक्षिणेत एक म्हण आहे, "देवाची कृपा म्हणून मिसिसिपी आहे", अलाबामा-आर्कान्सॉवाले म्हणतात, कारण मग आपण शेवटचे ठरत नाही. आपल्याकडचं दगडापेक्षा वीट मऊ. ऐकायला विनोद आहे पण याचा राजकारणात उपयोग होतो, कुणीतरी आपल्याखाली आहे म्हटलं की आमदाराला काही करावंसं वाटत नाही. आणि नाव हे काही यादीबाहेर राहत नाही, ते आत शिरतं. यूएस न्यूजच्या राहण्याजोग्या शहरांच्या यादीत "लोकांना कुठं राहायला आवडेल" हे सर्व्हेत विचारून त्याचेही मार्क धरायचे. आता ज्यानं अलाबामा फक्त सिनेमात पाहिलंय तो काय सांगणार! तरी २०२२ मधे त्याच यादीत देशात पहिला नंबर कुणाचा आला? हंट्सव्हिलचा. राज्य तळाशी आणि शहर पहिलं, एकाच प्रकाशनाच्या दोन याद्यांत.

याद्या एकमेकींना कशा खोट्या पाडतात ते बघायचं तर २०१८ ला याच प्रकाशनानं क्वालिटी ऑफ लाइफमधे नॉर्थ डकोटाला पहिलं आणि कॅलिफोर्नियाला शेवटचं ठरवलं, त्यात हवा-पाणी आणि सामाजिक आधार असे आकडे होते. स्टँडिंग रॉकसारख्या आदिवासी रिझर्व्हेशनवर राहणाऱ्याला विचारा कुठलं पहिलं ते. सीएनबीसीच्या २०२४ च्या यादीत धंद्यासाठी टेक्सास तिसरं आणि राहणीमानात शेवटचं, कारण ते विमा, मतदानाचे नियम, भेदभावविरोधी कायदे, गर्भपाताचे हक्क असं सगळं धरतात. तरी २०१० ते २०२० या दहा वर्षांत टेक्सासची लोकसंख्या ४० लाखांनी वाढली आणि वाढ बहुतेक लॅटिनो, ब्लॅक आणि आशियाई लोकांची होती. लोक वेडे नाहीत, त्यांनी घराची किंमत आणि नोकरी बघितली. आणि ऑसवाल्ड आणि वू या दोघांनी तेरा लाख अमेरिकनांच्या उत्तरांवरून, वय-उत्पन्न वगैरे सारखं धरून, आयुष्याबद्दलचं समाधान मोजलं, ते सायन्समधे २०१० ला आलं, त्यात पहिलं लुइझियाना आणि शेवटचं न्यूयॉर्क. यावरून लुइझियाना स्वर्ग आहे असं मी म्हणत नाही. समाधान आणि बालमृत्यू या वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची एकत्र बेरीज करणं हेच मुळात विचित्र आहे.

बदनामीचा एक फायदाही झालाय, हे मान्य करायला हवं. मिसिसिपीच्या झेंड्यावर १८९४ पासून कॉन्फेडरेट चिन्ह होतं, म्हणजे गुलामगिरी टिकवायला यादवी युद्ध लढलेल्या दक्षिणेतल्या राज्यांचं. ते २०२० मधे निघालं त्यात लोकांच्या मनपरिवर्तनापेक्षा कॉलेज खेळांच्या संघटनांनी "इथं सामने घेणार नाही" म्हणून दिलेल्या दमाचा आणि धंदेवाल्यांच्या काळजीचा वाटा बराच होता.

आता तुमचं. हंट्सव्हिल म्हणजे अलाबामाची सरासरी नाही, तिथं नासाचं मार्शल सेंटर आणि रेडस्टोन आर्सेनल आहे, १९५० पासून केंद्राचा पैसा आणि इंजिनियर ओतलेत, शेजारच्या मॅडिसनच्या शाळा चांगल्या आहेत. न्यू जर्सीच्या मानानं घर निम्म्या किमतीत मिळालं तर आश्चर्य वाटू देऊ नका. पण हेही खरं की पगारदार भारतीय कुटुंब म्हणून तुम्ही त्या तळाच्या आकड्यांमधे मोजलेच जाणार नाही, तुमचं बरं चाललं म्हणून लाउंड्सचं बरं होत नाही. मला नेहमी खटकतं ते हे की आपले लोक मॅडिसनमधे दहा वर्षं राहून "कुठंय रेसिझम, आम्हाला तर कधी दिसला नाही" असं सांगतात. तुम्हाला त्रास होणारच नाही असंही सांगत नाही, पण तो मिनेसोटात होणार नाही याची खात्री तर मुळीच देणार नाही, तिथं फक्त तो जास्त गोड बोलून होतो असं तिथल्या ब्लॅक सहकाऱ्यांकडून बरेचदा ऐकलंय.

राज्याच्या कायद्यातून मात्र सुटका नाही. अलाबामात २०२२ पासून गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आहे, आईच्या तब्येतीला गंभीर धोका असण्यासारखे मोजकेच अपवाद. अजून मूल हवं असेल तर गुंतागुंत झाल्यावर डॉक्टर काय करू शकतात हे आधी एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाला स्पष्ट विचारा. पुढं कधी नोकरी गेली आणि विमाही गेला तर मिनेसोटात मेडिकेडचा दरवाजा उघडा असतो (व्हिसावर असाल तर आधी पात्रता बघून घ्या), अलाबामात मोठ्या माणसांसाठी जवळजवळ बंदच. या दोन गोष्टींसाठी राज्य बघा. बाकी सगळ्यासाठी काउंटी, शाळेचा डिस्ट्रिक्ट आणि सेन्सस ट्रॅक्ट (जनगणनेसाठी पाडलेला छोटा भाग) बघा, आणि बघताना सरासरीच्या ओळीवर थांबू नका, खाली उत्पन्नाप्रमाणं आणि वंशाप्रमाणं वेगळे केलेले रकाने असतात ते उघडा. त्याच शाळेत गोऱ्या मुलांचे आणि ब्लॅक मुलांचे मार्क किती लांब आहेत, कुणाला किती वेळा सस्पेंड करतात, हे दोन आकडे मी घर घेताना सगळ्यात आधी काढतो. दोन्ही ठिकाणच्या दोन-तीन शाळांची नावं ठरली की कळवा, कुठल्या सरकारी साइटवर कुठला रकाना उघडायचा ते सांगतो.